विहीणबाईंचा उलटा चेहरा

"एकदा पाहिलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही. चेहरा म्हणजे माणसाचा दाखला. तो वाचायची नजर निसर्गानं फार थोड्यांना दिलेली आहे."

हे उद्गार डॉक्टरबाईंनी आपल्या दवाखान्याच्या जिन्यात, एक पायरी वर उभं राहून काढले. ज्या गृहस्थाला उद्देशून काढले, तो पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला आहे अशी त्यांची समजूत होती. तो त्यांचा सख्खा दीर होता. दिरानं नुकतीच मिशी काढली होती हे मान्य केलं तरी, मिशी काढलेल्या दिराला कोणी 'मागच्या वेळी तुम्हीच बसवलेली नळी गळतेय' असं सुनावत नाही. दीर स्वभावानं गरीब. त्यानं वर जाऊन नळी घट्ट केली, हात पुसले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की वहिनी हल्ली फार कामात असतात.

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. त्यांच्याविषयी गावात दोन मतं होती आणि दोन्ही मतं एकाच माणसाची असू शकत. दवाखान्यात बाई लोण्यासारख्या मऊ आणि रस्त्यात भेटल्या की ताठ. पेशंट दारातून आत आला की बाई सगळ्यांना सारखंच "या, बसा" म्हणायच्या. त्यात नवा-जुना, लहान-मोठा असा भेद नसे. पेशंट खुर्चीत बसे, खुर्ची मागे झुके, दिवा लागे, बाई त्याच्या डोक्यामागे स्टूल ओढून बसत आणि वरून खाली त्याच्या चेहऱ्याकडे बघत. आणि मग एकदम त्यांचा आवाज बदलायचा. "अरे, तुम्ही होय. मुलगा पास झाला का शेवटी? आणि सासूबाईंचं पाय घसरल्याचं काय झालं?" पेशंटच्या तोंडात तोवर कापूस गेलेला असल्यामुळे सासूबाईंचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नसे, पण माणूस खूष व्हायचा. तोच माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात समोर येऊन हात जोडायचा, आणि बाई त्याच्यातून आरपार पलीकडचं भाजीचं दुकान बघत पुढे निघून जायच्या.

या गोष्टीचा बाईंना पत्ता नव्हता. कारण त्यांना यजमान होते.

यजमान विम्याचं काम करत. एकदा हस्तांदोलन केलेला माणूस त्यांना वीस वर्षांनी, टक्कल पडून, छत्रीखाली उभा असला तरी ओळखू यायचा. लग्नसमारंभात ते बाईंच्या डाव्या खांद्याशी उभे राहत आणि ओठ न हलवता बातम्या देत. "निळी साडी, तुझी मामेबहीण. तिच्या मागचा जाड, तिचा नवरा. त्याला बढतीचं विचारू नकोस, मिळालेली नाही." बाई त्याप्रमाणे हसत, विचारत, न विचारत. हे इतकी वर्षं चाललं होतं की आपल्याला माणसं ओळखू येतात असं बाईंना प्रामाणिकपणे वाटे. ऐनक लावणाऱ्याला आपली नजर चांगली आहे असं वाटतं, त्यातलाच प्रकार.

पण यजमानांची स्वतःची एक भानगड होती. त्यांना जागा ओळखू येत नसत. चेहरा म्हणाल तर एकदा बघून पाठ, पण रस्ता रोज बघून कोरा. स्वतःच्या ऑफिसातून स्वच्छतागृहात गेलेले यजमान परत येताना दुसऱ्याच कंपनीच्या मीटिंगमध्ये जाऊन बसलेले होते, आणि तिथेही तिघांना नावानिशी ओळखून त्यांतल्या एकाचा विमा उतरवून आले होते. त्यामुळे घराबाहेर पडलं की वाट बाईंची आणि माणसं यजमानांची, असा या दोघांचा संसार होता. बाई एकदा गेलेली गल्ली विसरत नसत. गर्दीत नवरा कसा ओळखता, असं कोणी त्यांना विचारलं असतं तर त्याचंही उत्तर त्यांच्यापाशी होतं. चार माणसांत जो चुकीच्या दारातून आत येतो, तो आपला.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना मुलीनं लग्न ठरवलं.

मुलगा चांगला होता. अडचण मुलाच्या आईची होती. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. सारं गाव त्यांना हेडबाई म्हणायचं. हेडबाईंच्या एका नजरेनं चौथीचा वर्ग गप्प व्हायचा आणि त्या वर्गातून बाहेर पडून बाप झालेले लोकही अजून त्यांना बघून हातातली सिगारेट खिशात घालायचे. अशा बाईंना डॉक्टरबाईंनी दोन महिन्यांत तीनदा ओळखलं नव्हतं. पहिल्यांदा कापडाच्या दुकानात "यात मोठं माप आहे का हो?" असं विचारलं. दुसऱ्यांदा बँकेच्या रांगेत "मला जरा पुढे जाऊ द्या, माझे पेशंट खोळंबलेत" म्हणून त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा तर हेडबाई स्वतःहून समोर येऊन हसल्या, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "आम्हाला वर्गणी द्यायची नाहीये."

"आई, त्या चिडल्यात," मुलगी म्हणाली. रात्रीची जेवणं उरकली होती, टेबलावर अजून ताटं होती. "म्हणाल्या, एकदा समजू शकते, दोनदा समजू शकते. तिसऱ्यांदा जो ओळखत नाही त्याला ओळखायचंच नसतं."

"मी त्यांना भेटलेच नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तीनदा भेटलीस."

"मग माझ्या लक्षात नसतं का राहिलं? एकदा पाहिलेला चेहरा मी…"

"हो, ठाऊक आहे," मुलगी म्हणाली. "रविवारी आपल्याला बोलावलंय. त्यांच्या दोन बहिणी पण येणार आहेत. तिघी दिसायला सारख्या, तिघींचे चष्मे एकाच दुकानातले. आणि त्यांनी त्याला बजावून ठेवलंय, मी कोणती ते त्यांना सांगायचं नाही, बघू ओळखतात का. आई, तो म्हणतो काहीही झालं तरी आपण लग्न करू. पण मला असं नाही करायचं. मला त्या घरात राहायचंय, रोज त्यांच्यासमोर जेवायला बसायचंय. त्यांच्या डोळ्यांत दर घासाला 'तुझ्या आईनं मला वर्गणीवाली समजलं' हे मला बघवणार नाही."

एवढं बोलून ती गप्प झाली. ही मुलगी सहसा गप्प होत नसे, त्यामुळे डॉक्टरबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

टेबलाच्या पलीकडे मुलीचा मामा बसला होता. डॉक्टरबाईंचा धाकटा भाऊ. तो एका प्रयोगशाळेत होता. तिथे माणसांना बोगद्यासारख्या यंत्रात आडवं घालून चित्रं दाखवत आणि डोक्यातला कोणता भाग जागा होतो ते बघत. घरात त्याला मेंदूमामा म्हणत. त्याच्या हातात अजून चपाती होती.

"ताई, चिडू नकोस," तो म्हणाला. "डोक्यात मागच्या बाजूला, खाली, एक छोटी जागा असते. फक्त चेहऱ्यांसाठी. तिच्या शेजारी दुसरी, घरं, रस्ते, खोल्या ओळखायला. शेजारी शेजारी दोन दुकानं म्हण. भावजींचं चेहऱ्याचं दुकान जोरात चालतं आणि रस्त्याच्या दुकानाला टाळं. तुझं नेमकं उलटं."

"माझं काहीही उलटं नाही."

"चेहरा आपण नाक वेगळं, डोळे वेगळे असा वाचत नाही ना. एका झटक्यात अख्खा वाचतो. म्हणून चेहरा उलटा धरला की भलेभले गोंधळतात. अख्ख्याचे तुकडे होतात. स्वतःच्या बायकोचा फोटो उलटा दाखवला तर लोक विचारतात, ही कोण."

"तुझ्या प्रयोगशाळेत येणारे लोकच तसले असतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलीनं फोनवर हेडबाईंचा फोटो काढला आणि मामाला दिसावा म्हणून फोन त्याच्यापुढे ठेवला. डॉक्टरबाई समोरच्या बाजूला बसलेल्या. त्यांनी टेबलावरून सहज नजर टाकली आणि त्यांचा चेहरा दवाखान्यातल्यासारखा उजळला.

"अगं, या होय. डावीकडची खालची अक्कलदाढ, आडवी उगवलेली. फार घाबरल्या होत्या बिचाऱ्या. कशा आहेत आता?"

यजमान पाणी प्यायचे थांबले.

"आई, याच त्या," मुलगी म्हणाली आणि तिनं फोन आईकडे वळवून नीट धरला. "याच माझ्या सासूबाई."

डॉक्टरबाईंनी फोटो नीट न्याहाळला. "ही कोण? या बाईंना मी कधी बघितलेलं नाही."

मामानं फोन फिरवला. "आता?"

"अक्कलदाढ."

परत फिरवला. "आता?"

"वर्गणीवाली वाटते," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग त्या स्वतःच थांबल्या.

मामानं चपाती खाली ठेवली. त्याचे डोळे ज्या रीतीनं चमकत होते ते सख्ख्या भावाला शोभणारं नव्हतं. "ताई, उभ्या चेहऱ्याचं तुझं जन्मापासूनच कच्चं असणार. पण इतकी वर्षं तू डोक्यामागे बसून उलटे चेहरे बघितलेस. रोज, दिवसभर. तुझ्या डोक्यानं त्या बाजूनं शिकून घेतलं. जगात कोणाला येत नाही ते तुला येतं. तू एक दिवस प्रयोगशाळेत ये. मी तुझ्यावर अख्खा शोधनिबंध…"

"तू आधी माझ्याकडे ये. तुझं अर्धं राहिलेलं रूट कॅनल मला दोन्ही बाजूंनी ओळखू येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

पण ताटं विसळताना त्यांना अक्कलदाढेचा तो दिवस सबंध आठवला. त्या बाई खुर्चीत आल्या तेव्हा हात बर्फासारखे गार होते. भूल दिल्यावर डॉक्टरबाईंनी, सगळ्याच घाबरटांना सांगतात तसं, मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायला सांगितलं होतं. दाढ निघाली, टाका पडला, कापूस निघाला, आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दुखतंय?" विचारलं तर म्हणाल्या, "नाही. सतरा आठेला अडकले. मी गणित शिकवते हो. कोणाला सांगू नका." डॉक्टरबाईंनी त्यांचा हात धरला होता आणि बाहेरचे पेशंट खोळंबलेले असताना कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला होता. आणि त्याच बाईंना वर्गणी नाकारली होती.

दीर, मामेबहीण, बाजारातले हात जोडणारे लोक, असे एकेक करून सगळे नळाखाली उभे राहिले. पण डॉक्टरबाई खचणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटचं ताट जागेवर लागेपर्यंत त्यांचं मत तयार झालं होतं. आपली ओळख पक्की आहे. लोक चुकीच्या बाजूनं समोर येतात.

"रविवारचं माझ्यावर सोड," त्या मुलीला म्हणाल्या. "तुझे बाबा आहेतच शेजारी. त्यांनी कानात सांगितलं की झालं."

रविवारी डॉक्टरबाईंनी गाडी बिनचूक नेली. चार इमारती, चारही एका साच्यातून काढलेल्या, पिवळ्या, प्रत्येकीला तोच जिना आणि तेच लोखंडी दार. मुलाकडे पूर्वी एकदाच, तेही खालपर्यंत, गेलेल्या बाई तिसऱ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर थेट जाऊन उभ्या राहिल्या. बेल वाजवली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फुलांची परडी गाडीत राहिली.

"मी आणतो," यजमान म्हणाले, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत ते जिना उतरून दिसेनासे झाले.

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं मुलीकडे पाहिलं. दोघींनाही कळलं की हा माणूस आता लवकर दिसत नाही.

दार जावईबापूंनी उघडलं. "या काकू," असं म्हणून त्यानं लगेच मुलीला आत नेलं. तशी त्याला आज्ञा होती. जाताना मुलीनं वळून आईकडे बघितलं. परीक्षेला बसलेल्या आपल्याच आईकडे बघणं कठीण असतं.

बैठकीच्या खोलीत लांब सोफा होता. सोफ्यावर तिघी जणी. तीन करडे अंबाडे, तीन काळ्या काड्यांचे चष्मे, तीन घड्या घातलेले हात. कोणी "या" म्हटलं नाही, कोणी हसलं नाही. हेडबाईंनी बहिणींना चोख शिकवून ठेवलेलं असावं. डॉक्टरबाईंच्या डाव्या खांद्याशी कोणी नव्हतं.

"नमस्कार," डॉक्टरबाई खोलीला म्हणाल्या.

"बसा," मधली म्हणाली.

"ओळखलंत ना?" डावीकडची म्हणाली.

"घाई नाही," उजवीकडची म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिन्ही चेहरे पाहिले. नाकं होती, डोळे होते, सगळं जागच्या जागी होतं, आणि कशाचाच कशाशी संबंध लागत नव्हता. दुसरं कोणी असतं तर त्यानं पाण्याचा पेला मागितला असता किंवा नशिबावर हवाला ठेवून मधलीकडे हात केला असता. डॉक्टरबाई सोफ्याला वळसा घालून मागे गेल्या. मागच्या भिंतीवर पुस्तकांची फळी होती, तिच्याकडे बघत असल्यासारखं त्यांनी केलं. मग त्या वळल्या. समोर तीन अंबाडे. नुसत्या अंबाड्याला काही सांगता येत नाही.

तेव्हा त्यांनी आवाज काढला. घरचा नव्हे, दवाखान्यातला. ज्या आवाजापुढे पोलीसही बसल्या जागी लहान होतात तो.

"मान मागे. सैल सोडा. अगदी सैल."

आज्ञा देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आज्ञा पाळायची सवय नसते, म्हणून ती कानावर पडली की तो आधी पाळतो. उजवीकडची मान पहिल्यांदा मागे आली आणि सोफ्याच्या कडेवर टेकली. मग वर छतावर काय आहे ते बघायला उरलेल्या दोघींच्या. तीन उलटे चेहरे डॉक्टरबाईंकडे खालून बघू लागले. त्यांतले दोन परके होते. तिसरा इतका ओळखीचा होता की बाईंना हसूच आलं.

त्यांनी उजवीकडच्या बाईंच्या कपाळावर हात ठेवला. 'कोणाला सांगू नका' हे त्यांना आठवत होतं, म्हणून त्या कानाशी वाकल्या.

"सतरा आठे?" त्या हळूच म्हणाल्या.

उलटा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, आणि उलट्या चेहऱ्यावर पाणी कपाळाकडे वाहायला लागलं.

"एकशे छत्तीस," हेडबाई म्हणाल्या. "पाठ केला मी. त्याच आठवड्यात."

"ही कसली ओळख?" मधली बहीण छताला विचारत होती.

"तुम्ही गप्प बसा गं," हेडबाई म्हणाल्या, पण मान त्यांनी उचलली नाही. "लक्षात होतं म्हणजे तुमच्या. मला वाटलं, बाईंना आपलं रडणं आठवतं आणि म्हणून त्या तोंड फिरवतात. त्याचाच राग होता हो. कापडाच्या दुकानाचा नव्हता. मग तीनदा समोर आले तेव्हा ओळख का नाही दिलीत?"

डॉक्टरबाईंनी थोडा विचार केला. मेंदूमामाची दोन दुकानं, जन्मापासूनचं कच्चं, हे सगळं सांगता आलं असतं. त्यांनी खरं होतं तेवढंच सांगितलं.

"तुम्ही उभ्या होतात."

हेडबाई हसल्या. उलट्या चेहऱ्याचं हसू बाकीच्यांना रडण्यासारखं दिसतं. डॉक्टरबाईंना ते बरोबर वाचता आलं. आतल्या दारात मुलगी आणि जावईबापू केव्हाचे येऊन उभे होते. आपली आई सासूबाईंचं डोकं हातात धरून उभी आहे, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आहे आणि दोघी मावश्या माना मागे टाकून पुढच्या हुकमाची वाट बघताहेत, हे दृश्य शुभ मानायचं की कसं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बाळ, चहा टाक," हेडबाई मुलीला म्हणाल्या. "आणि हो, आजपासून मला आई म्हण. तुझ्या आईला मी पाठ आहे."

मुलीनं तोंडावर हात धरला आणि ती आत पळाली. आत ती हसतेय की रडतेय ते बाहेर कळलं नाही.

"मी म्हटलंच होतं," डॉक्टरबाई मोठ्या समाधानानं सोफ्याच्या पुढच्या बाजूला येऊन बसत म्हणाल्या. "एकदा पाहिलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही." आणि शेजारी बसलेल्या बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता आपण विहिणी."

"मी थोरली बहीण," शेजारच्या बाई म्हणाल्या. "ती पलीकडची."

डॉक्टरबाईंनी तो हात सोडला नाही; दुसरा हात लांबवून पलीकडचाही धरला. मधल्या बहिणीला राग येऊ नये म्हणून तिच्याकडे बघून हसल्या. चहा आला, बिस्किटं आली, तारखेचं बोलणं निघालं, आणि यापुढे रस्त्यात भेट झाली तर हेडबाईंनी आधी आवाज द्यायचा, असं दोन्ही घरांच्या संमतीनं ठरलं. इतकं सगळं जमून आलं तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन वाजला.

"अगं," यजमान अगदी दबक्या आवाजात म्हणाले. मागे कपबशा वाजत होत्या आणि कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. "फुलं दिली मी. त्यांना फार आवडली. माझा शाळेतला बाकावरचा जोडीदार आहे गं इथे, बघताक्षणी ओळखला, त्याच्या भावालाही ओळखलं. फक्त सोयरिकीचा विषय काढला तर म्हणतात, आम्हाला मुलगाच नाही. तू जरा खाली येऊन मला घेऊन जातेस का?"